आधी दुरुस्ती करणारा शोधला, मग सॅक्सोफोन

एप्रिल 2024 मध्ये मी सॅक्सोफोन शिकायचं नक्की केलं आणि सप्टेंबर संपता संपता वाद्य घरी आलं. मधला सगळा काळ विचारण्यात, वाद्यं बघण्यात आणि वाट पाहण्यात गेला. नोकरी करणाऱ्या, इंग्रजी नोटेशन न येणाऱ्या, पण पेटीवर हात बसलेल्या माणसानं पहिला सॅक्सोफोन कसा निवडावा, हे एका जागी सांगणारं मला कोणी भेटलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे, किमती आणि कागदपत्रांसकट.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कुठल्या चष्म्यातून वाचायचं ते कळेल. माझं वय 43, नोकरी टपाल खात्यात, राहणं पुण्यात. लहानपणी पेटी शिकले आणि आजही भजनी मंडळात पेटीची साथ करते. सॅक्सोफोनचं वेड जुन्या हिंदी गाण्यांमुळे लागलं. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले मनोहारी सिंग वाजवायचे तो सूर कानात बसलेला होता. पुढे कद्री गोपालनाथांची ध्वनिमुद्रणं ऐकली. त्यांनी या वाद्यावर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं होतं, गमकांसकट. आपल्या रागसंगीताला हे वाद्य चालतं याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

पहिला प्रश्न गुरूचा होता. गिटार आणि कीबोर्डचे क्लास गल्लोगल्ली आहेत, सॅक्सोफोनचे नाहीत. मी सरळ पेठेतल्या एका ब्रास बँडच्या कार्यालयात गेले. लग्नसराईत त्यांना बोलायलाही फुरसत नसते, त्यामुळे दुपारी दोनच्या सुमाराला जावं. तिथल्या मॅनेजरनी एका निवृत्त वादकांचं नाव दिलं. राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही त्यांची दोन वाद्यं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सरांना भेटले.

मी खिशात मॉडेल आणि किमतींची यादी घेऊन गेले होते. सरांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, वाद्य बिघडल्यावर कुणाकडे नेणार?"

मी गप्प बसले.

"बिघडणार तर ते आहेच. वीस-पंचवीस पॅड असतात, स्प्रिंगा असतात, बूच असतं. पुण्यात कोण दुरुस्त करतो ते आधी बघून या. तो म्हणेल ते घ्यायचं."

पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावरून झाले. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी क्लॅरिनेटच्या कुळातला आहे, कारण त्याचा आवाज वेताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून निघतो. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं आणि लष्करी बँडांनी हे वाद्य लवकर उचललं. बोटं थेट भोकांवर पडत नाहीत. प्रत्येक भोकावर चामडं चढवलेलं एक पॅड येऊन बसतं. कुठलंही पॅड केसभर जरी तिरकं बसलं तरी हवा गळते आणि खालचे सूर फुटतात. शिकणाऱ्याला वाटतं आपलीच फुंक कमी पडते आहे. कित्येक जण वर्षभर अशा गळक्या वाद्याशी झगडतात आणि मग सोडून देतात, असं सर म्हणाले.

मग प्रकार ठरवायचा होता. नेहमीचे चार: सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन. सोप्रानो लहान आणि सरळ दिसतो म्हणून नवख्याला सोपा वाटतो, पण त्याचा सूर सांभाळणं सगळ्यात अवघड. बॅरिटोनचं वजन आणि किंमत दोन्ही आवाक्याबाहेर. म्हणजे खरी निवड अल्टो की टेनर एवढीच. सरांनी ती माझ्या भाषेत समजावली. 'सी' म्हणजे एरवी पेटीवरची पांढरी एक, पण अल्टोवर 'सी' वाजवला की पेटीवरची काळी दोन येते. टेनरवर तोच 'सी' वाजवला की काळी पाच. बोटं दोन्हीकडे सारखीच. आमचं भजनी मंडळ पांढरी एकमध्ये गातं. त्यांच्याबरोबर वाजवायचं तर अल्टोवर 'ए'पासून सा धरायचा, टेनरवर 'डी'पासून. पेटीवाल्यांनी हे आधीच समजून घ्यावं, कारण फोनवरच्या ट्यूनरवर 'सी' वाजवल्यावर 'ई फ्लॅट' (म्हणजे काळी दोन) दिसला की वाद्यातच खोट आहे असं वाटतं. तसं काही नसतं.

मनातून मला टेनर हवा होता. तो भरीव, घशातून आल्यासारखा आवाज मला फार आवडतो. सरांनी स्वतःचा टेनर गळ्यात अडकवून दिला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. अल्टोचं अडीच. हा एक किलोचा फरक पाच मिनिटांत मानेला कळतो. त्याहून महत्त्वाची माझी डावी करंगळी. 'जी शार्प'ची आणि खालच्या सुरांच्या मिळून चार चाव्या एकट्या या करंगळीने दाबायच्या असतात, आणि टेनरवर तिथपर्यंत पोचताना माझं मनगट वाकडं होत होतं. अल्टोवर हात सहज बसला. त्या दिवशी थोडं वाईट वाटलं, पण निर्णय पक्का झाला. तुमचे हात मोठे असतील आणि आवाज टेनरचाच हवा असेल, तर टेनरने सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फक्त विकत घेण्याआधी एकदा गळ्यात अडकवून बघा.

वाद्य घ्यायच्या आधी सरांनी फक्त माउथपीस आणायला सांगितलं. यामाहाचं 4सी हे नवशिक्यांसाठी नेहमी सुचवलं जातं. लिगेचर (रीड घट्ट धरून ठेवणारी पट्टी) आणि टोपीसकट ते साडेचार हजारांच्या आत मिळालं. रीड सुटे घेतले, दोन नंबरचे, एक साधारण पावणेतीनशेला. रीडचा नंबर म्हणजे त्याचा ताठपणा. कंपनी बदलली की तोच नंबर वेगळा लागतो. व्हँडोरेनचा दोन हा रिकोच्या दोनपेक्षा बराच ताठ निघतो, त्यामुळे नुसता नंबर सांगून रीड मागवू नका. सुरुवातीला दहाचा डबाही घेऊ नका, कारण पहिल्या दोन महिन्यांत तुमचा नंबर बदलू शकतो.

मे आणि जून हे दोन महिने मी नुसतं माउथपीस वाजवलं. घरच्यांना ते ऐकणं सोपं नव्हतं. अल्टोच्या नुसत्या माउथपीसवर पांढरी सहा लागली पाहिजे, न हलता. आधी ओठाच्या आतल्या बाजूला दात रुततात, गाल फुगतात, सूर वर चढतो. जूनच्या शेवटी ट्यूनरचा काटा मधोमध थांबायला लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. या दोन महिन्यांचा दुसरा फायदा असा, की वाद्य निवडायला गेले तेव्हा माझी फुंक माझ्या ओळखीची झाली होती. सूर फुटला तर तो कुणामुळे, याचा अंदाज येत होता.

याच काळात दुरुस्ती करणारे मिळाले. पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे. बँडवाले सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. शनिवारी दुपारी जाऊन बसायचे. ते कामात असायचे आणि काम करता करता बोलायचे. त्यांनी मला लीक लाइट दाखवला: एलईडी दिव्यांची बारीक लवचीक पट्टी. ती नळीत आत सोडायची, खोलीत अंधार करायचा आणि एकेक चावी अगदी हलक्या हाताने बंद करायची. पॅडच्या कडेने जिथे उजेड दिसतो तिथून हवा गळते. चावी जोरात दाबली की गळती लपते, म्हणून बोट हलकंच ठेवायचं. हे शिकायला एक दुपार पुरली. पैसे देऊ केले तर चाचांनी चहा मागवला.

मग एकेक पर्याय त्यांच्यासमोर ठेवला.

मेरठच्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान् पिढ्या बनतात आणि देशभर जातात. तिथला सॅक्सोफोन पंधरा-वीस हजारांपासून मिळतो. चाचांचं मत असं, की मिरवणुकीत रोज वाजवणाऱ्या पक्क्या वादकाला तो चालतो, कारण असा वादक ओठांनी सूर ओढून घेतो. ज्याला अजून सूर कुठे आहे हेच कळायचं आहे, त्याने मात्र एकेक नग वाजवून, ट्यूनरवर तपासूनच घ्यावा.

ऑनलाइन मिळणारी पंचवीस हजारांची चकचकीत वाद्यं हा दुसरा पर्याय. असंच एक वाद्य त्या दिवशी दुरुस्तीला आलेलं होतं. चाचांनी एक चावी बोटाने किंचित वाकवून दाखवली आणि ती वाकली. म्हणाले, "आज पॅड बसवून देतो, पुढच्या महिन्यात परत येईल. धातूच मऊ आहे." या किमतीतली सगळीच वाद्यं अशी असतील असं मी म्हणणार नाही. पण घरपोच आलेलं वाद्य तपासणार कोण आणि नापसंत पडलं तर परत कसं पाठवणार, हे आधी विचारून घ्यावं.

तिसरा पर्याय जुन्या वाद्याचा. जुलैमध्ये एका गृहस्थांकडे चांगल्या जपानी कंपनीचा अल्टो बघायला गेलो, मी आणि सर. किंमत पंचावन्न हजार. बाहेरून सुंदर होता. लीक लाइट सोडला तर खालच्या बाजूच्या चार पॅडांमधून उजेड आला. नेकच्या, म्हणजे माउथपीस बसतं त्या वाकड्या नळीच्या, सांध्यावर झाळल्याची जुनी खूण होती, म्हणजे तो कधीतरी तुटून जोडलेला. दोन-तीन ठिकाणी पितळ लालसर पडलं होतं. चाचांना फोनवर वर्णन सांगितलं. सगळी पॅड बदलून वाद्य बसवून द्यायचे त्यांनी सतरा हजार सांगितले आणि नेकची हमी देता येणार नाही म्हणाले. मालक भले होते, त्यांनी काही लपवलं नव्हतं. आभार मानून आम्ही निघालो. नेक धड असता तर मी तो घेतला असता. जुनं वाद्य बघायला जाताना दुरुस्तीचा अंदाज मागणीच्या किमतीत मिळवा, मगच ते स्वस्त की महाग ते ठरवा.

चौथा पर्याय नणंदेने सुचवला. ती दुबईला असते आणि दिवाळीला येताना वाद्य आणते म्हणाली. मी सीमाशुल्काचे नियम वाचले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रवाशाला पन्नास हजारांपर्यंतच्या सामानावर सूट होती आणि वरच्या रकमेवर अधिभारासह 38.5 टक्के शुल्क. हिशेब केला तर बचत फारशी होत नव्हती. शिवाय वाद्य वाजवून घेता येणार नव्हतं, आणि हमीसाठी ते परत दुबईला पाठवणं शक्य नव्हतं. तिला मी त्याऐवजी रीडचा डबा आणायला सांगितला.

उरलं नवं वाद्य, दुकानातून. चाचा आणि सर दोघांनी स्वतंत्रपणे यामाहाच्या वायएएस-280 या अल्टोचं नाव घेतलं. त्याचं मुख्य कारण आवाज नव्हतं. त्याचे सुटे भाग मिळतात, धातू दुरुस्तीला दाद देतो आणि चाचांच्या हाताखालून अशी वाद्यं गेलेली आहेत. किंमत एक लाखाच्या वर. हा आकडा ऐकून मी दोन आठवडे काही बोलले नाही. छंदावर एवढा खर्च करायचा का, हा प्रश्न मला खरोखर टोचत होता. शेवटी ह्यांनीच विषय काढला. म्हणाले, "स्कूटर घेताना तू एवढा विचार केला नव्हतास." मी माझी मुदत ठेव मोडली.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी डेक्कन क्वीनने आम्ही मुंबईला गेलो. सीएसएमटीहून धोबी तलाव चालत जाण्यासारखं आहे आणि वाद्यांची जुनी दुकानं त्याच भागात आहेत. निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घेतल्या होत्या: मॉडेल दुकानात प्रत्यक्ष आहे का, आणि स्वतःच्या माउथपीसवर वाजवून बघू देतील का. काही ठिकाणी नाही म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे, वाजवलेलं वाद्य पुढच्या गिऱ्हाइकाला नवं म्हणून कसं देणार? एका दुकानाने दाखवण्यासाठी ठेवलेला नग वाजवू दिला.

त्या दिवशी तपासणी ज्या क्रमाने केली तो सांगते, कारण तो सरांचा क्रम आहे आणि पंचवीस-तीस वर्षांच्या सवयीतून आलेला आहे. आधी न वाजवता सगळ्या चाव्या चालवून बघायच्या. कुठे खडखड होते का, कुठली चावी उशिरा परत येते का. मग मधला 'जी' लांब धरायचा. तिथून एकेक सूर उतरत अगदी खालच्या 'बी फ्लॅट'पर्यंत यायचं. त्या सुराला सगळी भोकं बंद असतात, त्यामुळे कुठलीही गळती तिथे उघडी पडते. तो हळू आवाजात निघाला पाहिजे. जोर लावून काढला तर परीक्षा झाली नाही. मग अंगठ्याची सप्तकाची चावी दाबून तेच सूर वरच्या सप्तकात. शेवटी ट्यूनर. 'एफ शार्प' वाजवला की काट्यावर 'ए' यायला हवा, आणि वरचं व खालचं सप्तक एकमेकांशी जुळायला हवं. सरांनी आधी वाजवलं, मग मी. माझ्याच्याने खालचा 'बी फ्लॅट' निघाला तेव्हा सर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मला तेवढं पुरे झालं.

दुकानात नवा नग शिल्लक नव्हता. वीस हजार आगाऊ भरून नोंदणी केली. पावतीवर मॉडेल, ठरलेली किंमत आणि "वाद्य आल्यावर खरेदीदार तपासून ताब्यात घेईल" असं लिहून घेतलं. ही ओळ सरांनी घालायला लावली. तीन आठवड्यांत येईल म्हणाले. मग 7 सप्टेंबरला गणपती बसले, बँडवाल्यांचा हंगाम सुरू झाला आणि सर विसर्जनापर्यंत दिसलेच नाहीत. दुकानाचा फोन त्यानंतरच्या आठवड्यात आला. 28 सप्टेंबरला जाऊन, तीच तपासणी परत करून वाद्य घेतलं. 18 टक्के जीएसटी धरून एक लाख चार हजार. त्यात वाद्य ठेवायची पेटी, माउथपीस आणि गळ्याचा पट्टा आला. नळीवर कोरलेला क्रमांक बिलावर आणि हमीपत्रावर तोच आहे ना, हे दुकानातच पडताळून बघा.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी एक गोष्ट, जी मला आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने सांगितली. वर्तणूक नियमांप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली तर महिन्याभरात कार्यालयाला कळवावं लागतं. माझं मूळ वेतन 44,900, म्हणजे मर्यादा 89,800. वाद्य त्याच्या वर गेलं. वस्तूचं वर्णन, किंमत, पैसे कुठून आले आणि विकणाऱ्याशी आपला काही कार्यालयीन संबंध आहे का, एवढी माहिती बिलाच्या आणि मोडलेल्या ठेवीच्या प्रतीसह दिली. वर्णनाच्या रकान्यात 'अल्टो सॅक्सोफोन' लिहिताना छान वाटलं. पोचपावती जपून ठेवली आहे.

दुसरा अर्ज सोसायटीला. अल्टोचा आवाज बंद दारातून दोन मजले जातो. तक्रार यायच्या आधीच सेक्रेटरींना लेखी विचारलं: रोज संध्याकाळी सहा ते सात, परीक्षेच्या दिवसांत बंद. समितीने मान्य केलं. वरच्या मजल्यावरच्या आजींना मी स्वतः जाऊन सांगितलं आणि त्यांनी एकच अट घातली, की भूप लवकर बसवायचा.

एकूण खर्च सांगायचा तर वाद्य, आधीचं माउथपीस, रीड, आतून पुसायचं फडकं, बुचाला लावायचं ग्रीस, खांद्यांवर वजन वाटणारा पट्टा आणि उभं ठेवायचा स्टँड मिळून एक लाख पंधरा हजारांच्या आसपास गेला. खांद्यांचा पट्टा आधीपासून घ्या, मान दुखायची वाट बघू नका. स्टँड मात्र नंतर घेतला तरी चालेल.

परतीच्या पावसात 'जी शार्प'चं पॅड चिकटायला लागलं. पुण्यातच असं, तर कोकण-मुंबईत हे जास्तच होणार. वाजवून झालं की आतून फडकं फिरवायचं, चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ कोरडा कागद धरून हलकं दाबायचं, कागद ओढायचा नाही, आणि वाद्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. काही खाल्लं असेल तर वाजवण्याआधी चूळ भरायचीच, गोड खाल्लं असेल तर नक्कीच. चाचांनी सहा महिन्यांनी एकदा दाखवायला सांगितलं आहे. नव्या वाद्याची पॅड पहिल्या काही महिन्यांत बसतात आणि मग थोडी जुळवणी लागते, तिचे ते आठशे रुपये घेतात. मार्चमधला पहिला शनिवार त्यासाठी ठरवला आहे. पहिलं माउथपीस सरांकडे दिलं आहे. त्यांच्याकडे बारावीतला एक मुलगा नुकताच यायला लागला आहे आणि सध्या तो त्यावर पांढरी सहा शोधतो आहे.